‘युद्धोत्तर’ ही संज्ञा आणि कर्जत-खालापूरचा अनुभवप्रदेश

मराठी साहित्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘युद्धोत्तर’ हे विशेषण इतके रुळले आहे की त्यातील युद्ध नेमके कोणते आणि ते कोणाच्या दारी कसे आले होते, हे विचारण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. नवकाव्य व नवकथा यांची पार्श्वभूमी सांगताना दुसरे महायुद्ध, अणुबाँब, टंचाई, काळाबाजार, यंत्रयुग, महानगर आणि मूल्यांचा ऱ्हास अशी एक ठरीव मालिका दिली जाते. विद्यार्थी ती पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत उतरवतात. ही मालिका चुकीची नाही. परंतु तिच्यातील अनुभवाचे ठिकाण जवळजवळ सर्वत्र मुंबई हे आहे. युद्धाने बदललेला माणूस म्हणजे गिरणीचा भोंगा ऐकणारा, लोकलमध्ये लोंबकळणारा, शिधापत्रिका घेऊन रांगेत उभा राहणारा माणूस, असे समीकरण या मालिकेमागे गृहीत धरलेले असते.

मुंबईपासून लोहमार्गाने शंभर किलोमीटरवर असलेले कर्जत आणि त्याला लागून बोरघाटाच्या पायथ्याशी पसरलेले खालापूर हे दोन तालुके या समीकरणाच्या बाहेर राहिले आहेत. वस्तुतः महायुद्धाच्या काळात प्रत्यक्ष बंदुकीच्या गोळीने माणसे पडली, अशा महाराष्ट्रातील मोजक्या ग्रामीण प्रदेशांत या परिसराची गणना करावी लागते. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील (१ जानेवारी १९८१ पासून रायगड) या अंतर्भागाने युद्ध कसे अनुभवले, युद्धानंतर तेथील समाज व व्यक्ती कशा बदलल्या आणि त्या बदलाची नोंद मराठी साहित्यव्यवहाराने कितपत घेतली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या परिसराचा महानगराशी असलेला संबंध आधी समजून घेतला पाहिजे. घाटमाथ्यावरील लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांत पावसाळ्याचे पाणी साठवून ते नळांवाटे पाचशे मीटरांहून अधिक खाली खोपोलीस आणावयाचे आणि त्यावर जनित्रे फिरवावयाची, अशी योजना टाटा कंपनीने आखली. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये, म्हणजे पहिले महायुद्ध चालू असतानाच सुरू झाले. पाठोपाठ १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजगृह उभे राहिले. वीज निर्माण झाली ती मुख्यतः मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी. पुढे रेल्वेही तिच्यावर धावू लागली. जनित्रांतून सुटलेले पाणी पाताळगंगेस आणि पेज-उल्हास नद्यांना मिळाले, आणि वीज मात्र भाताच्या खाचरांवरून, ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांवरून, उंच लोखंडी मनोऱ्यांच्या तारांतून सरळ मुंबईकडे गेली. ज्यांच्या डोक्यावरून ती गेली त्यांच्या घरात रॉकेलची चिमणीच राहिली, आणि युद्धकाळात रॉकेलचीही टंचाई झाली. वाड्यापाड्यांत वीज पोहोचण्यास पुढे अनेक दशके लागली. लाकूड, कोळसा, गवत आणि भात यांची वाटही हीच होती. महानगराच्या उजेडाची आणि उबेची तरतूद करणारा हा प्रदेश स्वतः अंधारात होता. आणि हा अंधार नवकाव्यातील अस्तित्वविषयक अंधारापेक्षा निराळा, अगदी शब्दशः घ्यावयाचा होता.

युद्ध या प्रदेशात प्रथम आले ते धान्याच्या रूपाने. कोकणपट्टीतील एकपिकी भातशेतीत आषाढ-श्रावण हा उपासमारीचा काळ असे. घरातील धान्य संपलेले, रानात मजुरी नाही आणि पेरणी-लावणीचे कष्ट मात्र अंगावर, अशा वेळी सावकाराकडून भात उचलावयाचे आणि सुगीत ते दीडपट वा त्याहूनही अधिक मापाने फेडावयाचे, ही रीत सर्वत्र होती. ठाणे-कुलाब्याच्या आदिवासी पट्ट्यात पावसाळ्यातील अशा उचलीस ‘पालेमोड’ म्हणत. युद्धकाळात धान्याचे भाव चढले, सक्तीची लेव्ही आली आणि मुंबईत १९४३ पासून शिधावाटप सुरू झाले. शिधावाटपाने शहरातील रांगेतल्या माणसाला निदान मापात धान्य मिळाले. खेड्यातील कुळाला मात्र पिकविलेल्या भातातून आधी जमिनीच्या मालकाचा खंड, मग सावकाराचे देणे आणि मग सरकारची लेव्ही भागवावी लागली. टंचाई हा शब्द दोन्हीकडे एकच असला, तरी तिचे अनुभव एक नव्हते.

विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांचे कार्य या धान्यप्रश्नापासून सुरू होते, ही गोष्ट त्यांच्या हौतात्म्याच्या तेजात बहुधा झाकली जाते. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. (मर्ढेकरांचा जन्मदिवसही १ डिसेंबर, वर्ष १९०९, निव्वळ योगायोग, पण दोन युद्धानुभवांची तुलना करणाऱ्याच्या तो लक्षात राहतो.) माथेरान हे इंग्रज अधिकारी आणि मुंबईचे धनिक यांच्या विश्रांतीसाठी वसविलेले गाव; तेथील स्थानिक वस्ती प्रामुख्याने त्यांच्या सेवेवर जगणारी. अशा गावातील एक तरुण कायद्याची पदवी घेतो, नगरपालिकेचा उपाध्यक्ष होतो आणि वकिलीत स्थिरावण्याऐवजी डोंगराखालच्या गावांत शाळा आणि धान्यकोठ्या सुरू करतो, हे त्या काळाच्या सामाजिक रचनेत साधे नव्हते. धान्यकोठीची कल्पना सरळ होती: सुगीत सर्वांनी धान्य एकत्र साठवावे, पावसाळ्यात गरजूंनी उचलावे आणि सावकाराचे माप घराबाहेर ठेवावे. हे काम करणारा माणूस गावोगावच्या कुळांच्या, ठाकरांच्या ओळखीचा झाला. १९४२ च्या ऑगस्टनंतर तो भूमिगत झाला तेव्हा रानाने त्याला थारा दिला तो या ओळखीमुळे.

‘आझाद दस्ता’ या नावाने त्यांनी उभ्या केलेल्या तुकडीने पोलीस ठाणी किंवा कचेऱ्या यांच्यापेक्षा विजेच्या मनोऱ्यांकडे लक्ष वळविले. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या अवधीत तुकडीने अकरा मनोरे पाडल्याचे सांगितले जाते. रात्रीच्या वेळी करवतींनी मनोऱ्याचे पाय कापावयाचे, म्हणजे तो आपल्याच भाराने कोसळतो, अशी ती पद्धत होती. मुंबईच्या गिरण्या युद्धसाहित्यासाठी कापड विणत होत्या आणि रेल्वे सैन्याची वाहतूक करीत होती. तेव्हा कर्जतच्या रानातील एक मनोरा पडणे म्हणजे साम्राज्याच्या युद्धयंत्रणेचा एक धागा तुटणे होते. सरकारने कोतवालांना पकडून देण्यासाठी बक्षीस जाहीर केले. अखेर २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी तुकडीस पहाटे गाठले. कर्जत तालुक्यातील मानिवली गावचे हिराजी गोमाजी पाटील आणि स्वतः कोतवाल तेथे मारले गेले. कोतवाल त्या वेळी तीस वर्षांचे होते.

मनोऱ्यांची ही निवड केवळ डावपेचाची होती असे मानता येत नाही. टेलिफोनच्या तारा आणि टपालपेट्या देशभर तोडल्या गेल्या. येथे मात्र गावकऱ्यांच्या रोजच्या नजरेसमोर असलेली, त्यांच्या शेतात पाय रोवून उभी असलेली आणि तरीही त्यांना काहीही न देणारी वस्तू लक्ष्य झाली. आझाद दस्त्याच्या कार्यकर्त्यांनी हा अर्थ मनात बाळगला होता की नाही, हे ठरविणे अवघड आहे. परंतु यंत्र आणि माणूस यांच्या संबंधावर १९४५ नंतरच्या मराठी कवितेने जे चिंतन केले, त्याच्या तीन वर्षे आधी, त्याच यंत्राच्या दुसऱ्या टोकाला, ही कृती घडली होती एवढे निश्चित म्हणता येते.

त्या वर्षांत मराठी समाज एकाच युद्धाकडे तीन निरनिराळ्या बाजूंनी पाहत होता, आणि या तिन्ही बाजू याच जिल्ह्याच्या निकट आढळतात. कुलाबा जिल्ह्याच्याच दक्षिणेकडील माणगाव तालुक्यातील पळसगावचे यशवंत घाडगे मराठा पलटणीतून इटलीत लढले. १० जुलै १९४४ रोजी तेथे त्यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सिद्धगड आणि इटली या दोन घटनांमध्ये जेमतेम दीड वर्षाचे अंतर आहे. एक जण साम्राज्याच्या सैन्यात पराक्रम करून मेला, दुसरे दोघे त्या साम्राज्याच्या पोलिसांच्या गोळीने मेले. आज एकाच जिल्ह्याला तिघांचाही अभिमान आहे आणि त्यात कोणाला विसंगती जाणवत नाही. तिसरी बाजू मुंबईच्या कामगारवस्तीतील. जर्मनीने रशियावर आक्रमण केल्यानंतर कम्युनिस्ट पक्षाने हे ‘लोकयुद्ध’ मानले आणि उत्पादनात खंड पडू नये अशी भूमिका घेतली. अण्णा भाऊ साठे यांचा स्तालिनग्राडचा पोवाडा या काळातला. मराठी शाहिरीने व्होल्गाकाठचा वेढा गायिला, आणि तोही सामर्थ्याने गायिला, हे तिच्या दृष्टीच्या विस्ताराचे द्योतक आहे. पण ज्या गिरण्यांच्या आवारात तो पोवाडा रंगला, त्या गिरण्यांची वीज तोडणारे लोक त्या पोवाड्याच्या विश्वात बसणे शक्य नव्हते. यात शाहिराचा दोष काढण्याचे कारण नाही. भूमिकांच्या या ताणामुळे कर्जतच्या लढ्याला त्या काळातील सर्वांत जोमदार लोककलामाध्यम दुरावले, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे.

साताऱ्याच्या प्रतिसरकारशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. नाना पाटील आणि त्यांचे सहकारी १९४६ पर्यंत टिकून राहिले, स्वातंत्र्यानंतर राजकारणात आले, सभांतून बोलले; अनेकांनी आठवणी सांगितल्या, त्या लिहून घेतल्या गेल्या. साताऱ्याच्या लढ्याला निवेदक लाभले. आझाद दस्त्याचे आयुष्य काही महिन्यांचे आणि त्याचा प्रमुख निवेदक ठरू शकला असता तोच पहिल्या धडाक्यात गेलेला. वाङ्मयीन स्मृती ही घटनेच्या महत्त्वावर जितकी अवलंबून असते तितकीच ती सांगणारा कोणी जिवंत राहिला की नाही यावरही असते, हे साहित्येतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घेतले पाहिजे.

युद्ध संपले आणि १९४६ मध्ये प्रांतात पुन्हा काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, तेव्हा भूमिगतांना उघडपणे वावरणे शक्य झाले. पुढच्या दोन दशकांत परिसराचा चेहरा बदलला. १९४८ चा कूळकायदा आणि त्याच्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनी कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक होण्याची वाट मोकळी करून दिली. ज्या कुळांची नावे कागदोपत्री लागली होती, त्यांच्या घरात सातबाऱ्याचा उतारा आला आणि त्याबरोबर बोलण्याचालण्यातील एक ताठपणाही आला. मालकाच्या ओटीवर न बसणारा माणूस ग्रामपंचायतीच्या बाकावर बसू लागला. हा बदल खरा आहे आणि मोठा आहे.

पण तो सर्वांपर्यंत पोहोचला नाही. ठाकूर आणि कातकरी यांच्यापैकी अनेक जण वनखात्याच्या हद्दीतील डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवीत. अशा जमिनींस या भागात ‘दळी’ म्हणतात. त्या वनखात्याच्या मालकीच्या असल्याने कूळकायद्याच्या कक्षेत आल्या नाहीत. पिढ्यानपिढ्या कसूनही कसणाऱ्याचे नाव कोठे लागले नाही, आणि हा प्रश्न २००६ च्या वनहक्क कायद्यापर्यंत लोंबकळत आला. कातकऱ्यांची स्थिती त्याहून बिकट. खैरापासून कात करण्याच्या ज्या धंद्यावरून जमातीला नाव मिळाले, तो इंग्रजी जंगलकायद्यांनी पूर्वीच संपुष्टात आणला होता. मग कोळशाच्या भट्ट्या आल्या. युद्धकाळात पेट्रोलच्या तुटवड्यामुळे मोटारीदेखील कोळशाच्या वायूवर चालविल्या जात, तेव्हा जंगलतोडीला आणि कोळशाला भाव आला. भट्टीवर राबणाऱ्या कातकऱ्याच्या हाती मात्र पावसाळ्यात घेतलेली उचल आणि हिवाळ्यात तिची फेड एवढेच राहिले. युद्धानंतर मोटारी पुन्हा पेट्रोलवर गेल्या, भट्ट्या राहिल्या, उचलही राहिली. कातकऱ्याच्या दृष्टीने युद्धपूर्व आणि युद्धोत्तर यांच्यातील रेघ कोठे ओढावयाची, हा प्रश्न काल्पनिक नाही.

खोपोलीच्या बाजूस १९६० नंतर पोलादासारखे मोठे कारखाने उभे राहिले. ज्या गावाने आधी फक्त वीज पाठविली होती, तेथे आता विजेवर चालणारी पाळी सुरू झाली. खालापूर तालुक्यातील शेतकऱ्याचा मुलगा घरी राहून कामगार झाला; सकाळी कारखान्यात आणि पावसाळ्यात लावणीला रजा, असे त्याचे दुहेरी वेळापत्रक बनले. गिरणीकामगारांच्या साहित्यात गाव आणि शहर यांच्यातील ओढाताण अनेकदा येते. येथे ती एकाच माणसाच्या एकाच दिवसात घडू लागली.

व्यक्तीच्या पातळीवरील एक बदल विशेष लक्ष देण्याजोगा आहे. १९७२ मध्ये, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली. त्यासाठी तुरुंगवास वा भूमिगत अवस्था सहा महिन्यांची असल्याचा पुरावा लागे. तुरुंगाची नोंद असते, पकड-वॉरंटची नोंद असते. रात्री रानात भाकरी पोहोचविणाऱ्या बाईची किंवा वाट दाखविणाऱ्या ठाकराची नोंद कोण ठेवणार? युद्धकाळात नोंद न उरणे हेच ज्यांचे संरक्षण होते, त्यांच्याकडे युद्धानंतर नोंदच नव्हती. परिणामी ‘स्वातंत्र्यसैनिक’ ही नवी सामाजिक ओळख लढ्यातील काहींना मिळाली आणि काहींना मिळाली नाही. एखाद्या कादंबरीकारास पुरून उरेल असे हे आशयद्रव्य आहे.

आता मराठी साहित्याकडे वळता येईल. मर्ढेकरांची उंदरांवरील बहुचर्चित कविता ‘अभिरुची’त १९४६ मध्ये आली, ‘काही कविता’ १९४७ मध्ये. त्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९५२ मध्ये ते निर्दोष सुटले. मर्ढेकरांच्या कवितेतील माणूस यंत्राच्या अतिरेकाने गुदमरलेला आहे. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले यांच्या कथेतील मध्यमवर्गीय मन युद्धकाळातील ओढग्रस्तीने आतून तडकलेले आहे. हे सारे अस्सल आहे. समीक्षेची चूक एवढीच की तिने या अनुभवाला ‘युद्धोत्तर मराठी संवेदनशीलता’ असे व्यापक नाव दिले. मर्ढेकरांचा माणूस विजेच्या तारेच्या एका टोकाला उभा आहे. दुसऱ्या टोकाला यंत्राचा अतिरेक नाही, यंत्राचा अभाव आहे, आणि तरीही ते यंत्र माथ्यावर आहे. दोन्ही टोके एकाच तारेची असल्यामुळे त्यांपैकी एकाचे वाचन दुसऱ्यावाचून अपुरे राहते. ग्रामीण साहित्याच्या चर्चेने हे दुसरे टोक पुढे आणले असते, परंतु तेथे माणदेश, सातारा, मराठवाडा येथील कोरडवाहू गाव केंद्रस्थानी राहिले.

कोकणाविषयी लिहिणाऱ्यांची दृष्टी किनाऱ्याकडे आणि दक्षिणेकडे वळली. श्री. ना. पेंडसे यांची ‘एल्गार’ (१९४९) ही कादंबरी या संदर्भात मोलाची आहे. नौखालीच्या दंग्यांचा पडसाद दूरच्या कोकणी गावातील हिंदू-मुसलमान शेजारावर कसा उमटतो, हे तिने दाखविले. म्हणजे जागतिक व राष्ट्रीय उलथापालथ खेड्यात कशी पोहोचते हे सांगण्याचे सामर्थ्य मराठी कादंबरीत त्या वेळी होते. कर्जतच्या वाट्याला ते आले नाही.

सर्वांत जवळ येते ती गो. नी. दांडेकरांची ‘माचीवरला बुधा’ (१९५८). मुंबई सोडून राजमाचीच्या माचीवर राहावयास गेलेल्या वृद्धाची ही कथा. राजमाची मावळात असली तरी तिच्या कड्यावरून नजर खाली उतरते ती उल्हास नदीच्या खोऱ्यात, कर्जतच्या बाजूला. दांडेकरांनी या निसर्गाचे जे तन्मय चित्र काढले त्याला मराठीत तोड नाही. बुधाचा परतीचा प्रवास हा महानगरी युद्धोत्तर माणसाला दिलेला एक प्रतिसाद म्हणून वाचता येतो, आणि तसा तो फारसा वाचला गेलेला नाही. मात्र बुधाचे रान हे मुंबईने थकलेल्या माणसाच्या विसाव्याचे रान आहे. त्याच रानाच्या पायथ्याशी वीजगृहे आहेत, भट्ट्या आहेत, आणि पंधरा वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या सिद्धगडावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, याची दखल घेणे त्या कादंबरीचे प्रयोजन नव्हते. तशी अपेक्षा तिच्याकडून करणे अन्यायाचे होईल. दुसरी एखादी कादंबरी असावयास हवी होती, असे मात्र म्हणता येते.

लिखित साहित्याबाहेर स्मृतीने आपल्या वाटा शोधल्या. खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीची १६६१ ची लढाई जशी स्मारकाने आणि वार्षिक समारंभाने जिवंत ठेवली जाते, तसा २ जानेवारीस सिद्धगडावर हुतात्म्यांना अभिवादनाचा कार्यक्रम होतो. २०२० मध्ये भाई कोतवालांवर मराठी चित्रपट आला. मुंबईत दादरला प्लाझा चित्रपटगृहासमोरील उद्यानाला कोतवालांचे नाव आहे. भेटण्याची खूण म्हणून ते रोज उच्चारले जाते. या सर्व रूपांत मनोरे आणि हौतात्म्य यांना अग्रस्थान मिळते, आणि तसे होणे स्वाभाविकच आहे, कारण समारंभाला एक दिवस आणि एक घटना लागते. धान्यकोठीला तिथी नसते. तिचे सातत्य अन्यत्र पाहावे लागते: पालेमोडीला आळा घालण्यासाठी महाराष्ट्र शासनास १९७६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि त्यानंतर कर्जत तालुक्यातच कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांत धान्यबँका उभ्या केल्या. सुगीत भात साठवावयाचे, पावसाळ्यात उचलावयाचे, आणि थोड्या वाढाव्याने परत आणून घालावयाचे, ही त्यांची पद्धत आहे.